विंडोज १० गेलं, लिनक्स आलं, पण कृतिदेवचं काय करायचं?

तर्री_आणि_टर्मिनल

मंडळी, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला अन् तेव्हापासून आमच्या नागपुरातल्या कॉलनीतले जुने लॅपटॉप माझ्याच टेबलावर येऊन पडून राहिले. मशीनमध्ये काही खराबी नसते हो. सहाव्या-सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, कीबोर्ड आजच्या नव्या लॅपटॉपपेक्षा दणकट, पण विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेल असेल तर आठवी जनरेशन पाहिजे, म्हणून बर्डीवर विचारायला गेलं की दुकानदार मान वर न करता सांगतो, "नवीनच घेऊन टाका साहेब". घेऊन टाका म्हणायला त्याचं काय जाते. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी मेमरीचा माल उचलून नेला, रॅम-एसएसडीचे भाव चढले, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर करून टाकलं की क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच आता गुंडाळतो. मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट दिले आहेत, पण ती मुदतवाढ झाली, पुढच्या दिवाळीच्या तोंडावर पुन्हा हेच रडगाणं.

तर माझा ठरलेला कार्यक्रम. जुनी फिरती हार्ड डिस्क काढायची, साटा एसएसडी टाकायची, पंखा उघडून धूळ साफ करायची (आपल्या इथल्या मे महिन्यात हे केलं नसेल तर लॅपटॉप आपोआप बंद पडते अन् लोक व्हायरसला शिव्या घालतात), अन् वर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टिम. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार, रॅम कमी असेल तर एक्सएफसीई वाली हलकी आवृत्ती घ्यायची. ब्राउझर, यूट्यूब, बँक, लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखंच, पण फुकट), प्रिंटर, नव्वद टक्के लोकांचं जग एवढंच असते. कोणाला काही अडत नाही.

अडलं ते एका वकील काकांच्या ऑफिसात. सिव्हिल लाइन्सला कोर्टाजवळ ऑफिस, तिथले टाइपिंगवाले भाऊ पंधरा-वीस वर्षांपासून कृतिदेव ह्या जुन्या देवनागरी फॉन्टमध्ये दावे, जबाब, शपथपत्रं टाइप करतात. बोटं अशी चालतात की बघत राहावं. मी फॉन्टची फाइल मिंटमध्ये कॉपी केली, लिबरऑफिसात जुना दावा उघडला, सगळं मराठी व्यवस्थित दिसलं, काका खुश. मग भाऊंनी कंट्रोल एफ दाबून युनिकोडमध्ये (म्हणजे मोबाइल-इंटरनेटवर सगळीकडे चालते त्या मानक मराठीत) अशिलाचं आडनाव शोधलं. सापडलं नाही! आडनाव डोळ्यासमोर पहिल्या ओळीत लिहिलेलं आहे अन् कॉम्प्युटर म्हणते नाहीच आहे.

कारण त्या फाइलमध्ये मराठी नाहीच ना बाप्पा. कृतिदेवमध्ये "भारत" लिहिलं की फाइलमध्ये मोठा एच, मग के, परत के, जे, आर एवढंच पडते. ती इंग्रजी अक्षरं आहेत, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचे आकार चढवतो. फॉन्ट काढला की राहते नुसती इंग्रजी खिचडी. म्हणूनच ती फाइल तुम्ही मोबाइलवर उघडली की कचरा दिसते.

आता मुद्द्यावर येतो, कारण ह्या धाग्याचं खरं कारण हे आहे. सध्या जिकडे तिकडे स्वदेशी सॉफ्टवेअरचा गजर सुरू आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपियन युनियनने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले अन् मायक्रोसॉफ्टने त्यांचे ईमेल-टीम्स बंद केले. गुजरातमधल्या वाडीनारची रिफायनरी, वर्षाला २ कोटी टन क्षमता, अन् त्यांना स्वतःचेच ईमेल उघडता येत नाहीत. दिल्ली हायकोर्टात गेले तेव्हा कुठे काही दिवसांत सेवा परत सुरू झाली. मग सप्टेंबरमध्ये केंद्रीय आयटी मंत्री अश्विनी वैष्णवांनी आपण झोहोवर जातो म्हणून सांगितलं, केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोकडे गेल्याच्या बातम्या आल्या. चांगलंच आहे, मला झोहोबद्दल आकस नाही, चेन्नईची कंपनी आहे, सॉफ्टवेअर चांगलं बनवतात.

पण मला सांगा, कृतिदेवसारखंच मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर श्रीलिपी, ते कुठलं? पुण्याचं. आयएसएम हे मराठी टाइपिंगचं सॉफ्टवेअर अन् त्यातले जुने डीव्ही-टीटी फॉन्ट? सी-डॅकचे, म्हणजे तेही पुण्याचे अन् वरून सरकारी. कृतिदेवही इथलंच. शंभर टक्के स्वदेशी, अन् मराठी माणसाचं वीस-तीस वर्षांचं लिखाण ह्याच स्वदेशी कुलुपांत अडकून आहे! एका फॉन्टची फाइल दुसऱ्यात उघडत नाही. अमेरिकेने काही बंद केलं नाही, कोणी निर्बंध घातले नाहीत, आपलं आपणच. अन् मजा म्हणजे तेव्हा भारतीय लिप्यांची अक्षरं साठवायचं इस्की नावाचं भारतीय मानक होतं, १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने काढलेलं, युनिकोडमधली देवनागरी त्याच्याच १९८८ च्या आवृत्तीवर उभी आहे. जगानं आपलं मानक उचललं अन् आपण घरी बसून मोठा एच, स्मॉल के करत बसलो.

म्हणून माझं म्हणणं, कंपनी कुठली हे विचारण्याच्या आधी विचारा की माझी फाइल ह्यांच्याशिवाय उघडेल का. बोला.

सदर_सर्किट

अबे एवढं मोठं लिहिलं, मी पोहे खाता खाता वाचलं अन् तर्री थंडी झाली. बाकी रॅमचं खरं आहे. मागच्या वर्षी घेऊन ठेवायला पाहिजे होती.

हिशोबनीस

तर्रीभाऊ, नव्वद टक्के लोकांचं जग ब्राउझर-यूट्यूब असेल, उरलेले दहा टक्के आमच्यासारखे आहेत अन् तुमच्यासारख्यांचं जीएसटी रिटर्न तेच भरून राहिले. टॅली लिनक्सवर नाही. वाइन (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं) लावून चालते म्हणतात, पण मार्चच्या शेवटच्या आठवड्यात वाइनवर टॅली चालवायची हिंमत ज्याच्यात असेल त्यानं करावी. दुसरं म्हणजे डिजिटल सहीचा यूएसबी टोकन. प्रोप्रायटरचं रिटर्न ओटीपीवर जमून जाते, कंपनीचं असेल तर डीएससी, म्हणजे ही डिजिटल सहीच लागते, अन् त्या टोकनचा ड्रायव्हर, त्यावर सहीचं युटिलिटी, त्यावर ब्राउझरची परवानगी, हे विंडोजवरच रडतखडत चालते. लिनक्सवर कोण सपोर्ट देणार? टोकन विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणते "एनीडेस्कवर या" अन् मग विचारते स्टार्ट मेनू कुठे गेला.

महालचा_डीटीपीवाला

लेख चांगला आहे पण आमच्या पिढीला थोडं झोडपलं तुम्ही, म्हणून लिहितो. मी १९९० च्या दशकात डीटीपीत आलो. तेव्हा विंडोजमध्ये देवनागरी नव्हतीच, विंडोज २००० पासून ती नीट आली. तोपर्यंत काय लोकांनी लग्नपत्रिका छापायच्या नाहीत? श्रीलिपी, कृतिदेव हे लोक होते म्हणून विदर्भातल्या छापखान्यांत मराठी टाइप लागला. त्यांना नावं ठेवायच्या आधी हा हिशोब ठेवा.

मानक होतं म्हणता, होतं. पण आम्ही ज्यात छपाईची पानं जुळवतो त्या पेजमेकरला ते कळत होतं का? पेजमेकरला कळायचं एकच, एक की दाबली की एक आकार उमटला पाहिजे. जोडाक्षर, वेलांटी, रफार हे कॉम्प्युटरने जुळवायचं असते हे त्याच्या गावीच नव्हतं. म्हणून फॉन्टवाल्यांनी आकारांनाच कीबोर्डवर बसवलं. पेजमेकर ७ हा २००१ चा, त्यानंतर अडोबीने नवीन काढलाच नाही, अन् तुम्ही इतवारीत कोणत्याही छापखान्यात जाऊन बघा, तेच चालू आहे आजही. काऊन? कारण चालते! ऑपरेटरला तेच येते, जुन्या पत्रिकांचे साचे त्यातच आहेत, गिऱ्हाईक सांगते "भाऊ मोठ्या पोराच्या लग्नात होती तशीच करून द्या, फक्त नावं बदला".

आता युनिकोडचं. अडोबीच्याच इनडिझाइनमध्ये जमते पण दर महिन्याला पैसे भरा. पानं जुळवायचं फुकट स्क्राइबस मी बघितलं, १.६ आवृत्ती २०२४ च्या जानेवारीत आली, तिच्यात देवनागरी जुळते, खोटं बोलणार नाही. पण फॉन्ट कुठे आहेत? श्रीलिपीत शेकडो वळणं, मंगलकार्याचं वेगळं, शोकसंदेशाचं वेगळं. युनिकोडमध्ये मुक्त म्हटलं की तेच ते पाच-दहा.

तर्री_आणि_टर्मिनल

@महालचा_डीटीपीवाला काका, झोडपलं तुम्हाला नाही. १९९५ ला दुसरा मार्गच नव्हता हे मान्य. माझा राग २००५ नंतरचा आहे, जेव्हा मार्ग होता अन् तरी नवीन ऑफिसांत नवीन पोट्ट्यांना तेच शिकवलं.

फॉन्टचं मात्र थोडं जुनं सांगून राहिले तुम्ही. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्टवाल्यांचे 'मुक्त' अन् 'बलू' हे फॉन्ट बघा, खुल्या लायसन्सचे आहेत, पत्रिकेलाही चालतात, धंद्यालाही चालतात, कोणाला पैसे द्यायचे नाहीत. अन् तिरो देवनागरी मराठी म्हणून एक आहे, त्यात आपला ल अन् आपला श आहे, देठाचा हिंदी ल नाही. बऱ्याच युनिकोड फॉन्टांत दोन्ही आकार पोटात असतात, फक्त मजकुराची भाषा मराठी निवडावी लागते, लिबरऑफिसात टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजमध्ये जाऊन. हे केलं की डोळ्यादेखत पूर्ण पानावरचे ल अन् श बदलतात. मी वकील काकांना दाखवलं तर ते चष्मा काढून जवळ येऊन बघायला लागले, म्हणे हा तर आमच्या शाळेतला ल. बाकी सगळ्या लॅपटॉपपेक्षा त्यांना तेच आवडलं.

@हिशोबनीस तुम्हाला मी लिनक्स घ्या म्हणणारच नाही. टॅलीवाल्याला टॅली. ऑफिसात पाच मशीन असतील तर टॅली-डीएससीचं एक विंडोज ११ ठेवा, बाकी चारवर पत्रव्यवहारच चालते ना?

हिशोबनीस

चारवर एक्सेल चालते. मॅक्रो, म्हणजे आपोआप कामं करणारे छोटे प्रोग्राम, असलेलं. माझ्या सरांनी २०११ मध्ये लिहिलेलं. ते लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडून दाखव, तुला हल्दीरामची संत्रा बर्फी.

काटोलचे_गुरुजी

मी जिल्हा परिषद शाळेत आहे. आमच्याकडे संगणक कक्ष आहे, संगणकही आहेत, म्हणजे आहेत असं नोंदवहीत आहे. वीज अन् इंटरनेट दोन्ही एकाच वेळी असेल तर त्या दिवशी पोरांचा सण असतो.

केरळचं उदाहरण नेहमी वाचतो. तिथं सरकारी शाळांत जवळपास वीस वर्षांपासून मुलं लिनक्सवरच शिकतात, काइट नावाची सरकारी संस्था उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली शाळांना देते, पाठ्यपुस्तकंही त्यावरच. त्यांच्या मास्तरला प्रशिक्षण मिळालं, हे त्यातलं मुख्य. सीडी वाटून कोणी शिकत नाही. आपल्याकडे २००१ पासून एमएस-सीआयटी आलं, लाखो लोकांना माऊस धरायला शिकवलं, त्याचे उपकार आहेतच, नोकरीसाठी ते लागायचं म्हणून आम्हीही केलं. पण त्यातून डोक्यात बसलं की कॉम्प्युटर म्हणजे विंडोज अन् लिहिणं म्हणजे वर्ड. आता पोराला लिबरऑफिस दाखवलं तर ते म्हणते सर हे डुप्लिकेट वर्ड आहे का.

मिंट टाकायला मी तयार आहे, पण बिघडलं तर मला कोण सांगणार? ऑपरेटर नाही, मीच आहे.

मिहान_नाइटशिफ्ट

रात्रपाळी संपवून लिहितोय, चुकभूल द्यावीघ्यावी.

ओपन सोर्सचे भक्त एक गोष्ट सांगत नाहीत ती मी सांगतो. कोड उघडा आहे म्हणजे कोणीतरी वाचतोय असं नसतं. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझेड नावाच्या फाइल दाबायच्या छोट्याशा लायब्ररीत मागचं दार सापडलं. एकाने दोन वर्षं गोड बोलून, कामं करून विश्वास कमावला, प्रोजेक्ट सांभाळणारा थकलेला एकटा माणूस, त्याच्याकडून हक्क मिळवले अन् मग विष घातलं. पकडलं कोणी? आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरने, कारण एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागत होता अन् त्याला ते खटकलं. अन् हा माणूस नोकरीला कुठे? मायक्रोसॉफ्टमध्ये! आता बोला. ते जर सगळ्या सर्व्हरांवर पसरलं असतं तर आमची ती रात्रपाळी महिनाभर संपली नसती.

हां, बंद सॉफ्टवेअरचं कौतुक करत नाहीये. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी कंपनीच्या एका अपडेटने ८५ लाख विंडोज मशीन निळे पडले, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहिले लोकांनी. तिथे तर कोड बघायचीही सोय नव्हती. सांगायचं एवढंच की फुकट आहे म्हणून घ्याल अन् सांभाळायला माणूस ठेवणार नाही तर दोन्हीकडे मरण आहे.

जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेने हेच भोगलं. २००३ मध्ये ठरवलं, सुमारे १५ हजार कॉम्प्युटर लिनक्सवर नेले, २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव. राजकारणही होतं त्यात, मान्य. पण आता त्याच जर्मनीतलं श्लेस्विग-होल्स्टाइन राज्य बघा. त्यांनी आधी ऑफिस बदललं, मग ईमेल, ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांवर मेलबॉक्स मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंजमधून काढून ओपन-एक्सचेंज ह्या ओपन सोर्सवर नेले, ऑपरेटिंग सिस्टिम सगळ्यात शेवटी. तर्रीभाऊ, तुम्ही उलटं करून राहिले, आधी मिंट अन् मग फाइली.

मनीषनगरची_वकीलताई

कोर्टाचा विषय निघाला म्हणून लिहिते. ह्या धाग्यात कोणी सांगितलं नाही, पण न्यायाधीशांच्या लॅपटॉपवर उबुंटू आहे हो. सुप्रीम कोर्टाच्या ई-कमिटीने ते ठरवलं, न्यायाधीशांना, वकिलांना उबुंटूचं प्रशिक्षणही दिलं. खटल्यांची नोंद ठेवणारी सीआयएस प्रणाली, एनआयसी पुण्याने बनवलेली, तीही मुक्त सॉफ्टवेअरवर. म्हणजे डायसवर बसलेल्या साहेबांचं लिनक्स, अन् खाली वकिलाच्या कारकुनाचं कृतिदेव. मधला पूल काय? आम्ही कृतिदेवमध्ये टाइप करतो, प्रिंट काढतो, स्कॅन करतो, पीडीएफ करून ई-फायलिंगला टाकतो. त्या पीडीएफमध्ये एक शब्द शोधता येत नाही. मग दोन वर्षांनी उलटतपासणीच्या आदल्या रात्री दोनशे पानं बोटाने चाळायची.

त्यामुळे तर्रीदादांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं, फक्त ते स्वदेशी-विदेशीत गेले तिथे थोडं ताणलं असं वाटलं.

तर्री_आणि_टर्मिनल

@मनीषनगरची_वकीलताई ताई, ताणलं नाही. केंद्र सरकारने स्वतःच २०१० मध्ये ई-गव्हर्नन्ससाठी खुल्या मानकांचं धोरण काढलं, २०१५ मध्ये ओपन सोर्स वापरायचं धोरण काढलं. कागद तयार आहेत! पण भाषणात ते येत नाही, भाषणात स्वदेशी येते, कारण त्याला टाळी पडते. झोहो रायटर ओडीटीमध्ये, म्हणजे ओडीएफ ह्या खुल्या फॉरमॅटमध्ये, फाइल देते, म्हणजे बाहेर पडायचं दार ठेवलेलं आहे, ह्याबद्दल त्यांना मार्क. ओडीएफ २००६ पासून आयएसओ मानक आहे. मग सरकारी कार्यालयाने "आमच्याकडे येणारा प्रत्येक कागद ओडीएफ अन् युनिकोडमध्येच" एवढं एक वाक्य कडकपणे पाळलं, तर लोक वर्ड वापरतात की झोहो की लिबरऑफिस, मला काय करायचं आहे?

@मिहान_नाइटशिफ्ट एक्सझेडवर तुमच्याशी भांडण नाही. पण आधी मिंट का, तर मशीन अपडेटविना इंटरनेटवर उघडं पडलं होतं म्हणून. जर्मनीतल्या राज्याकडे वेळ होता, वकील काकांकडे पुढची तारीख होती.

@काटोलचे_गुरुजी सर, तुमचा प्रश्न ह्या धाग्यातला सगळ्यात खरा. एक करा, तुमच्या कक्षातल्या दोनच मशीनवर टाका, अन् तेही इंटरनेट लागणार नाही असं, जीकॉम्प्रिस अन् जिओजेब्रा ही शिकायची सॉफ्टवेअर आधीच भरून. बिघडलं तर पेनड्राइव्हवरून अर्ध्या तासात परत. रविवारी मी काटोलला येतो, संत्र्याचा सीझन असेल तर लवकर येतो.

सदर_सर्किट

कोणी मोबाइलवर बोलत नाही. गूगलने सांगितलं आहे की ज्या डेव्हलपरने आपली ओळख गूगलकडे नोंदवली नाही त्याचं ॲप सर्टिफाइड अँड्रॉइडवर बाहेरूनही टाकता येणार नाही. सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंड, अन् २०२७ पासून बाकी जग. ओपन सोर्स ॲप देणारे एफ-ड्रॉइडवाले म्हणतात आमचं दुकानच बंद होईल. मग बोंबाबोंब झाल्यावर गूगलने नोव्हेंबर २०२५ मध्येच जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवतो म्हणून सांगितलं. अन् हे तेच अँड्रॉइड बरं, लिनक्सच्या कर्नलवर चालणारं. तुमच्या लॅपटॉपवर मुक्ती अन् खिशात हे.

धरमपेठ_आजोबा

एपीके (ॲपची फाइल) पाठवून पेन्शन लुटणारे लोक आहेत बाळा, माझ्या मित्राला लग्नपत्रिका म्हणून फाइल आली अन् खातं साफ झालं. गूगल जे करते ते मला तरी वाईट वाटत नाही.

सदर_सर्किट

आजोबा, तुमचं दुःख खरं आहे. पण मग हवं त्याला ती सोय बंद करायचं बटण द्या ना, सगळ्यांना कायले? माझा फोन मी माझ्या पैशानं घेतला.

महालचा_डीटीपीवाला

मोबाइल राहू द्या. तर्री, मला हे सांग, माझ्याकडे कृतिदेवच्या जुन्या फाइली आहेत, एका स्थानिक कवीचं अख्खं पुस्तक आहे, कवी आता हयात नाहीत. ते युनिकोडमध्ये न्यायचं तर कसं? कन्व्हर्टर लावला की वेलांट्या उड्या मारतात.

तर्री_आणि_टर्मिनल

काका, वेलांटीचं कारण सांगतो. कृतिदेवमध्ये तुम्ही टाइपरायटरसारखं आधी वेलांटी मारता मग अक्षर. "दिवाणी" मध्ये आधी एफ पडते मग एन. युनिकोडमध्ये आधी द अन् मग त्याची वेलांटी. म्हणजे कन्व्हर्टरला अक्षर बदलून भागत नाही, वेलांटी उचलून पुढच्या अक्षराच्या, अन् जोडाक्षर असेल तर पूर्ण जोडाक्षराच्या, मागे नेऊन ठेवावी लागते. रफाराचं उलटं, तो कृतिदेवमध्ये शेवटी मारता, युनिकोडमध्ये आधी र लागते.

मी वापरले ते कन्व्हर्टर हिंदीसाठी बनवलेले होते, त्यामुळे आपला "ऱ्य" हमखास बिघडतो. "दऱ्या" चा "दर्या" होऊन जातो, डोंगरातला माणूस समुद्रात. अन् नीट दिसला तरी फसवते, कारण तो आकार दोन तऱ्हांनी साठवता येतो, नुक्त्याच्या ऱ ने किंवा साध्या र ला मधे न दिसणारा जोडक लावून. दिसायला एकच, शोधायला दोन. म्हणून पहिल्यांदा सगळं नुक्त्याच्या ऱ वर आणायचं.

कवितेचं पुस्तक आहे, तर फाइलची कॉपी करा, मूळ फाइलीला हात लावू नका, सोबत मूळ फॉन्टमध्येच एक पीडीएफ काढून ठेवा म्हणजे ताडून बघता येईल. पेजमेकरमधून मजकूर आरटीएफमध्ये एक्सपोर्ट करा. मग मला द्या, माझ्याकडे पायथनची एक स्क्रिप्ट आहे, वकील काकांच्या दाव्यांवर घासून घासून बरी झाली आहे. बदललेल्या प्रत्येक ऱ्य अन् र्य ची यादी ती वेगळी काढून देते. ती यादी तुम्ही वाचायची, मी नाही. कवीला कुठे दऱ्या पाहिजे होत्या अन् कुठे दर्या ते तुम्हालाच माहीत.

महालचा_डीटीपीवाला

झालं तर मग. शनिवारी दुकान उघडंच आहे, बडकस चौकातून आत ये. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टनचा कीबोर्ड सुटणार नाही पण माझा, आधीच सांगतो.

तर्री_आणि_टर्मिनल

सोडायचा कशाला? लिनक्समधल्या टाइपिंगच्या आयबसमध्ये रेमिंग्टन लेआउट आहे, बोटं तीच, आत युनिकोड. टाइपिंगवाल्या भाऊंनी तोच घेतला. पहिल्या आठवड्यात मला शिव्या घातल्या, आता वकील काकांनाच सांगून राहिले की नवीन दावा कृतिदेवमध्ये मागू नका म्हणून.

हिशोबनीस

अन् माझ्या मॅक्रोचं?

तर्री_आणि_टर्मिनल

फाइल पाठवा. अन् बर्फी अर्धा किलो की एक किलो ते आधी ठरवा.